घरच्या घरी कोळंबी बॉइल: मीठ, मसाला आणि तिखटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीची कोळंबी बर्फात बसून आंबा घाट चढते आणि सांगली-मिरजेत येते. चिपळूणची कुंभार्ली घाटातून कराड-साताऱ्याकडे जाते. आपल्याकडे तिचा रस्सा होतो, सुक्कं होतं, भात होतो. आता बॉइलही होऊ लागलं आहे आणि त्याबरोबर प्रश्नही येऊ लागले आहेत. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: मसाला नक्की कशात घालायचा? सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून अडचणीचे शेवटी घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीफूड बॉइल म्हणजे नेमकं काय? रश्श्यापेक्षा वेगळं काय आहे त्यात?

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची, विशेषतः लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायना भागातली ही पद्धत. मोठ्या भांड्यात मीठ-मसाल्याचं पाणी उकळायचं, त्यात बटाटे, मक्याची कणसं, कांदे, लसणाचे अख्खे गड्डे, खेकडे आणि कवचासकट कोळंबी क्रमाक्रमाने सोडायची, सगळं निथळून मधोमध ओतायचं आणि चार जणांनी भोवती बसून हाताने सोलून खायचं. वरून लसूण-बटर ओतलेला जो प्रकार रीलमध्ये दिसतो तो नंतरचा. ह्यूस्टनकडच्या व्हिएतनामी मंडळींनी तो गाजवला.

रश्श्यात घातलेला मसाला ताटात येतो. बॉइलमध्ये मसाल्याचं पाणी शेवटी ओतून द्यायचं असतं. त्यामुळे पाण्यात घातलेल्यातलं कोळंबीच्या आत काय जातं आणि मोरीत काय जातं, हे कळलं की निम्मं काम झालं.

२. चार माणसांना किती काय घ्यायचं?

डोक्यासकट कोळंबी असेल तर एक ते सव्वा किलो, डोकं काढलेली असेल तर पाऊण किलो. चार मध्यम बटाटे, तीन कणसं (प्रत्येकाचे तीन तुकडे), दोन कांदे, लसणाचे दोन गड्डे, दोन लिंबं, चार लिटर पाणी. सोलल्यावर कोळंबीचं वजन जवळपास निम्म्यावर येतं, तेव्हा किलोभर बघून घाबरू नका. खाणारे दांडगे असतील तर कोळंबी न वाढवता बटाटे वाढवा. मसाल्याचं पाणी प्यायलेला बटाटा कोणी ताटात ठेवत नाही.

३. कोळंबी सोलून घ्यायची की कवचासकट? ताजी कशी ओळखायची?

बॉइलला कवच हवंच. मांस फाटत नाही, आकसत नाही, आणि कवचाचा स्वतःचा गोडसर वास पाण्यात आणि मांसात उतरतो. बाजारात विक्रेते आपुलकीने विचारतात, ‘साफ करून देऊ का?’ त्यांना फक्त डोकं काढायला सांगा. डोक्यातला गर ज्यांना आवडतो त्यांनी तेही ठेवावं, पण कोळंबी त्याच दिवशीची असेल तरच. किनाऱ्यापासून इतक्या लांब आलेल्या मालाचं डोकं आधी खराब होतं.

ताज्या कोळंबीला समुद्राचा वास येतो. नाकात चढणारा अमोनियासारखा, चुरचुरता वास आला तर घेऊ नका. कुठलाही मसाला तो वास झाकत नाही. बोटाने दाबून बघा, मांस घट्ट लागलं पाहिजे. डोकं लोंबायला लागलेलं, कवच बुळबुळीत झालेलं, पायांच्या मुळाशी काळं पडलेलं, असा माल शिळा समजा. बाजारातून घरी येईपर्यंत बर्फ मागून घ्या, लाजू नका.

४. कवच ठेवलं तर काळा दोरा कसा काढायचा?

लहान कात्री घ्या. मानेकडून शेपटीकडे, फक्त पाठीवरून कवच कापत जा, शेवटचं पेर सोडा. टूथपिकने दोरा उचलून बाहेर ओढा. कवच जागच्या जागी राहतं. हा काप आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे: मीठ आणि नंतरचं बटर त्याच फटीतून मांसापर्यंत पोचतं. अगदी लहान कोळंबी असेल तर दोरा सोडला तरी चालतं, पण मोठ्या कोळंबीत तो वाळूसारखा दाताखाली येतो.

५. पाण्यात मीठ किती? मी आमटीला घालते तेवढं घातलं, पण कोळंबी अळणी झाली.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आमटीचं प्रमाण इथे उपयोगाचं नाही, कारण आमटी आपण पितो आणि हे पाणी पीत नाही. कोळंबी त्या पाण्यात जेमतेम दहा-बारा मिनिटं असते. तेवढ्या वेळात मीठ आत जायचं तर पाणी चांगलं खारट हवं.

चार लिटर पाण्याला १२० ग्रॅम मीठ, म्हणजे १५ मिलीच्या मोठ्या चमच्याने साधारण सात सपाट चमचे. ऐकताना छातीत धस्स होतं, पण समुद्राचं पाणी याहून खारट असतं, साधारण साडेतीन टक्के. शिवाय आपण शेवटी त्यात बर्फ टाकणार आहोत (प्रश्न १०), त्याने ते सौम्य होतं. जाड खडेमीठ असेल तर चमच्याने न मोजता वजन करा. खड्यांच्या मधे हवा राहते आणि चमचाभर मीठ कमी भरतं.

सोललेली कोळंबी वापरायचीच असेल तर ८० ग्रॅमवर थांबा. फ्रोझनचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये पाहा. रक्तदाबामुळे मीठ बेताचं खाणारं कोणी घरात असेल तर त्यांच्या वाट्याची कोळंबी साध्या पाण्यात वेगळी उकडा आणि वरून लिंबू, लसूण, मिरपूड द्या.

६. पाण्यात कोणते मसाले? पूड की अख्खे?

अख्खे, आणि पातळ मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून. चार लिटरला: धणे दोन मोठे चमचे, मोहरी एक मोठा चमचा, काळी मिरी एक मोठा चमचा, बाळंतशेप एक छोटा चमचा, लवंगा सहा, दालचिनीचा बोटभर तुकडा, तमालपत्रं तीन, सुक्या मिरच्या सहा-सात देठ काढून. धणे आणि मिरी खलबत्त्यात नुसती भरडून घ्या.

यादी वाचून आश्चर्य वाटेल, पण लुइझियानाच्या बॉइलच्या पिशव्यांतही मोहरी, धणे, तमालपत्र, लवंग आणि शेपूचं बी, म्हणजे आपली बाळंतशेप, हेच असतं. फक्त त्यांचं तमालपत्र वेगळ्या झाडाचं. आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो, म्हणून दालचिनी हात राखून घाला.

पुरचुंडी, कांदे, लसूण आणि मीठ पाण्यात घालून झाकण ठेवून वीस मिनिटं उकळू द्या. हा वेळ कापू नका. अख्ख्या मसाल्याला पाण्यात उतरायला वेळ लागतो, आणि कोळंबी पडल्यावर तो वेळ तुमच्याकडे नसतो.

७. आपली कांदा-लसूण चटणी थेट पाण्यात टाकली तर काय बिघडलं? चव तर तिचीच हवी.

चव तिचीच हवी, म्हणूनच पाण्यात टाकू नका.

तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. हळदीचा रंग, मिरचीचा लाल रंग, खोबरं-तिळाचा खमंगपणा, यांचंही तसंच. चार लिटर पाण्यात चार चमचे चटणी टाकली की तिचं तेल तवंग होऊन वर तरंगतं, खोबरं, तीळ आणि तळलेला कांदा तळाशी बसतो, आणि मधल्या पाण्यात जिथे कोळंबी शिजते तिथे फार थोडं उरतं. निथळताना तवंग कवचाला चिकटतो. मग सोलणाऱ्याची बोटं तिखट होतात आणि आतलं मांस फिकं लागतं. ‘एवढी चटणी घातली तरी लागतच नाही’ अशी तक्रार येते ती यामुळे. मग लोक आणखी चटणी घालतात.

माझं ठाम मत आहे की उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, देठं खुडून, मसाला तळून, डंकावर उभं राहून कांडून आणलेली वर्षाची चटणी अशी ओतून द्यायला नको. मीठ पाण्यात विरघळतं आणि मांसात शिरतं, ते पाण्यात घाला. खड्या मसाल्याचा वास पाण्याच्या वाफेबरोबर कोळंबीला लागतो, तो पाण्यात ठेवा. तिखट आणि चटणी बटरमध्ये घाला, म्हणजे जे घातलं ते सगळं ताटात येईल. आपल्या भागातल्या बॉइलची चव यानेच ठरते. बाहेरचा मसाला आणण्याची त्यामुळे गरज उरत नाही.

८. मग बटरचं प्रमाण आणि कृती सांगा.

पाऊण किलो स्वच्छ कोळंबीला १५० ग्रॅम बटर, एक मोठा चमचा तेल, लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या बारीक चिरून, घरची चटणी दोन छोटे चमचे, ब्याडगी मिरचीची पूड दोन छोटे चमचे, मिरपूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर ओवा हातावर चोळून, सुपारीएवढा गूळ, एका लिंबाचा रस आणि भांड्यातलं उकळतं पाणी अर्धी वाटी.

जाड बुडाच्या कढईत तेल आणि बटर मंद आचेवर वितळवा. लसूण घाला, वास सुटू द्या, पण लाल होऊ देऊ नका. आता गॅस बंद करा आणि मगच चटणी, मिरची पूड, ओवा घाला. चटणीतला कांदा आणि खोबरं आधीच तळलेलं असतं, दुसऱ्यांदा तापलं की क्षणात करपतं आणि कडवट होतं. मिनिटभर ढवळा, गूळ विरघळवा, मग बॉइलचं पाणी थोडंथोडं घालत फेटा. बटर आणि पाणी एकजीव होऊन दाटसर झालं पाहिजे, म्हणजे ते कोळंबीला धरून राहतं, ताटाच्या तळाशी पळत नाही. लिंबू अगदी शेवटी.

चटणीत मीठ असतं, बाजारच्या बटरमध्ये असतं, पाण्यात तर असतंच. वेगळं मीठ घालू नका. घरचं ताजं लोणी वापरलं तरच चिमूटभर लागेल.

ओवा का, असं बरेच जण विचारतात. लुइझियानाच्या केजन मसाल्यात थाइम नावाचा पाला असतो. त्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच ओव्यात भरपूर असतं, म्हणून चिमूटच घाला.

९. हळद घालायची का? सांगलीत राहून बिनहळदीची कोळंबी पटत नाही.

घाला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांमध्ये जमिनीखाली साठवलेली हळद आजी-आजोबांनी पाहिली आहे, ती आपल्या भांड्यात असणारच. पाण्यात एक छोटा चमचा पुरे. तिने वासाचा उग्रपणा कमी होतो आणि बटाट्यांना रंग येतो. बटरमध्ये मात्र पाव चमच्याच्या वर नको. तिथे ती पूर्ण विरघळते, मिरचीचा लाल रंग मारते आणि चव मातकट होते. मका आणि बटाटे पिवळे नको असतील तर पाण्यातली हळद वगळा आणि आधी कोळंबीला चोळा (प्रश्न १२).

१०. काय कधी टाकायचं? कोळंबी नेहमी रबरासारखी होते.

मसाल्याचं पाणी वीस मिनिटं उकळून झालं की बटाटे, अर्धे कापून. बारा-पंधरा मिनिटांनी सुरी सहज शिरायला लागली की कणसं. स्वीट कॉर्नला पाच-सात मिनिटं पुरतात. शेतातला देशी मका असेल तर तो बटाट्यांबरोबर, किंबहुना आधीच टाका, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

कोळंबी सगळ्यात शेवटी, आच मोठी ठेवून. टाकल्यावर पाण्याची उकळी बसते. ती पुन्हा येण्याची वाट बघत बसलात तर कोळंबी गेली. मध्यम आकाराला टाकल्यापासून साधारण तीन मिनिटं, खूप मोठीला चार-पाच. घड्याळापेक्षा कोळंबी बघा: कवच लाल-केशरी, मांस काचेसारखं न दिसता पांढरं, आकार इंग्रजी ‘सी’सारखा. शेपूट डोक्याच्या बाजूला टेकून गोल वेटोळं झालं तर जास्त शिजली. खात्रीसाठी सगळ्यात मोठी कोळंबी काढून मध्ये कापा. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस हवं.

मग गॅस बंद करा आणि भांड्यात किलोभर बर्फ टाका. शिजणं जवळजवळ थांबतं, पण कोळंबी खारट, मसालेदार पाण्यातच राहते. आता तिला आठ-दहा मिनिटं मुरू द्या. पाच मिनिटांनी एक सोलून खाऊन बघा, मीठ बरोबर लागलं की लगेच निथळा. जास्त वेळ उकळून चव आत जात नाही, मांस फक्त आवळतं. चव या थंडावणाऱ्या पाण्यात मुरते. रबर होणाऱ्या बहुतेक कोळंबीवर हाच इलाज आहे.

११. लिंबू पाण्यात पिळायचं की वरून? आमसूल चालेल का?

बटाटे शिजेपर्यंत पाण्यात काहीही आंबट नको. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, बाहेरून शिजल्यासारखा आणि आत कचकच राहतो. कोळंबीबरोबर एका लिंबाच्या फोडी पाण्यात टाका, बाकीचं बटरमध्ये आणि ताटात.

आमसुलं छान लागतात. सहा-सात आमसुलं गॅस बंद केल्यावर, मुरण्याच्या वेळी टाका. पाण्याचा रंग थोडा बदलेल, त्याची काळजी नको. चिंच टाळा, तिचा कोळ कवचाला चिकटतो.

१२. आधी हळद-मीठ-लिंबू लावून ठेवू का? आई नेहमी लावते.

आईचं बरोबर आहे, पण तिची कोळंबी तव्यावर किंवा रश्श्यात जाते. बॉइलमध्ये लावलेलं बरंचसं पाण्यात धुऊन निघतं. हळद आणि थोडं मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवायला हरकत नाही, उग्र वास कमी होतो. लिंबू मात्र नको. आंबटाने मांसाचा वरचा थर आधीच शिजल्यासारखा घट्ट आणि पांढरा होतो, मग पाण्यात तो कोरडा पडतो आणि शिजली की नाही हे रंगावरून कळेनासं होतं.

सोललेली कोळंबी असेल तर अर्ध्या किलोला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा मिठाबरोबर चोळून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि धुऊन घ्या. मांस करकरीत राहतं.

१३. फ्रोझन कोळंबीला हेच प्रमाण?

नाही. पाकीट उलटून घटक वाचा. फॉस्फेट किंवा मीठ लावलेलं असेल तर ती आधीच खारट असते आणि पाणी धरून ठेवते. चार लिटरला ७० ग्रॅम मीठ घ्या आणि मुरवायचा वेळ निम्मा करा. कोळंबीवर बर्फाचा थर असतो, म्हणून वजन विरघळल्यावरचं धरा.

रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या खणात विरघळू द्या. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा. गरम पाणी नको, ओट्यावर तासन्‌तास ठेवणंही नको. आणि पाकिटातली कोळंबी आधीच गुलाबी असेल तर ती शिजवलेली आहे. ती उकळू नका, गॅस बंद करून बर्फ टाकायच्या आधी दोन मिनिटं पाण्यात सोडा.

१४. आखाडात बॉइल करायचं आहे, तेव्हा समुद्राची कोळंबी मिळेल का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून आखाडातली बहुतेक कोळंबी शेततळ्यांतली व्हॅनामी जातीची किंवा फ्रोझन असते. ती वाईट नाही. व्हॅनामीचं कवच पातळ असतं, शिजते लवकर, चव सौम्य असते. अर्धा मिनिट कमी शिजवा. फ्रोझन असेल तर प्रश्न १३ वाचा. या दिवसांत ‘आजच बंदरावरून आली’ असं कोणी सांगितलं तर विश्वास नाकावर ठेवा, शब्दांवर नको.

१५. नदीची कोळंबी आणि खेकडे चालतील का? कृष्णाकाठी तेच ताजं मिळतं.

चालतील, पण दोन्हीला वेगळं वागवावं लागतं.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी चवीला गोडसर आणि मांसाला मऊ. तिचं डोकं घरी आणताच काढा. डोक्यातली पाचक द्रव्यं मेल्यावर मांसात उतरतात आणि ते पिठूळ होतं. तिच्या अंगचा खारटपणा कमी, म्हणून मुरवायचा वेळ दोन-तीन मिनिटं वाढवा. चिखलाचा वास असेल तर हळद-मीठ चोळून दोनदा धुवा.

नदी-ओढ्यांच्या खेकड्यांबाबत अजिबात सूट नको. त्यांच्यात फुप्फुसांना बाधणारे चपट्या कृमीचे जंतू असू शकतात, अर्धंकच्चं खाल्लं तर ते माणसात येतात. घासून स्वच्छ करा, कच्च्या खेकड्याची पाटी आणि सुरी वेगळी ठेवा, बटाट्यांबरोबरच भांड्यात टाका आणि उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. नांग्या किंचित ठेचून टाकल्या तर मीठही आत जातं.

१६. ‘ओल्ड बे’ किंवा केजन मसाला सांगलीत कुठे मिळेल?

ऑनलाइन मागवता येतो, पण त्यासाठी बेत पुढे ढकलू नका. ओल्ड बे हा जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या गुस्ताव ब्रुन यांनी १९३९ मध्ये बाल्टिमोरमध्ये खेकड्यांसाठी तयार केलेला मसाला. सेलरीचं मीठ, लाल मिरची, काळी मिरी आणि पॅप्रिका त्यात ठळक. सेलरीचा हिरवा वास हवा असेल तर पाण्यात कोथिंबिरीचे देठ जुडीने बांधून टाका. वास तोच येणार नाही, पण जागा भरून निघते. पॅप्रिकाच्या जागी ब्याडगी उत्तम, रंग जास्त आणि तिखट कमी. संकेश्वरी किंवा लवंगी तेवढ्याच मापाने घालाल तर पाहुणे पाणी मागत बसतील.

आणि तयार पाकीट मिळालंच तर त्यात बहुधा भरपूर मीठ असतं, तेवढं पाण्यातलं कमी करा.

१७. एवढं मोठं भांडं नाही. कुकरमध्ये होईल का?

बटाटे आणि देशी मका कुकरमध्ये मसाल्याच्या पाण्यात एका शिट्टीवर काढा. कोळंबी कुकरच्या झाकणाखाली कधीच नाही. ती पातेल्यात, दोन खेपांत शिजवा. अ‍ॅल्युमिनियमचं भगुनं असेल तर त्यात लिंबू-आमसूल टाकू नका, आंबट सगळं बटरमध्येच ठेवा.

१८. लहान मुलं आणि आजोबा तिखट खात नाहीत. दोन वेगळी भांडी लावू का?

नको. पाण्यात तिखट फारसं नाहीच (प्रश्न ७), त्यामुळे उकडलेली कोळंबी सगळ्यांना चालते. बटर दोन वाट्यांत करा: एकात फक्त लसूण, मिरपूड, लिंबू, दुसऱ्यात चटणी. मुलांसाठी पुरचुंडीतल्या सुक्या मिरच्याही वगळता येतात. मुलांना कोळंबी सोलूनच द्या, कवचाचे टोकदार तुकडे घशात अडकतात.

१९. घरात दोघं शाकाहारी आहेत. त्यांचे बटाटे-मका आधी काढून घेतले तर चालेल?

कोळंबी पडण्याआधी काढले तरी झारा, भांडं, बटर सगळीकडे हात लागतोच. त्यांना आधी विचारा. मनाला पटत नसेल तर छोट्या पातेल्यात वेगळी पुरचुंडी लावा, त्यात मशरूम आणि कोवळ्या शेवग्याच्या शेंगा टाका आणि चटणीचं बटर आधी त्यांच्यावर घाला. तेही पानावर तितक्याच थाटात ओतलं पाहिजे.

२०. मासे आणि दुधाचे पदार्थ एकत्र खाल्ले तर कोड होतं म्हणतात. बटर चालतं का?

आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे आणि अनेक घरांत तो पाळतात. कोड मात्र त्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते, तेव्हा कोड येतं. पाळायचं असेल तर बटरच्या जागी शेंगदाणा तेल घ्या, लसूण आणि चटणी त्यात तितकीच छान उतरते. फक्त पाणी घालून फेटल्यावर ते बटरइतकं दाट होणार नाही.

२१. कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजतात, पण जास्त उकळली तर चालेल ना?

नाही. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीला कारण असलेलं मुख्य प्रथिन उकळूनही टिकतं आणि पाण्यातही उतरतं, त्यामुळे त्याच भांड्यातला बटाटासुद्धा नको. ओठ सुजणं, अंगावर गांधी, धाप लागणं यातलं काही झालं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा चाखूनही बघू नका. पाहुण्यांना बोलावतानाच हे विचारून घ्या.

२२. कशावर वाढायचं? बाहेर तर वर्तमानपत्रावर ओततात.

वर्तमानपत्र नको. गरम, तेलकट अन्नाला शाई लागते, अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही अशा वापराविरुद्ध सांगितलं आहे. केळीची पानं घ्या, नाहीतर मोठी परात. बरोबर पाव चालतो, पण तळाला साठलेलं चटणीचं बटर पुसून खायला ज्वारीची भाकरी सरस.

२३. खारट झाली तर? अळणी राहिली तर?

खारट झाली तर पुन्हा पाण्यात उकळू नका. बिनमिठाच्या लोण्यात लसूण आणि जास्त लिंबू घालून त्यात घोळवा, बॉइलचं पाणी त्यात घालू नका, साधं गरम पाणी घाला. अळणी राहिली तर कोळंबी परत विस्तवावर नको. बटरमध्ये अर्धा चमचा मीठ विरघळवून पाठीच्या कापात शिरेल अशी नीट घोळवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा.

२४. उरलेल्या कोळंबीचं आणि पाण्याचं काय करायचं?

कोळंबी दोन तासांच्या आत सोलून झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. पुन्हा शिजवू नका. गरम भातात शेवटी मिसळा, नाहीतर कांदा, काकडी, कोथिंबीर घालून गारच खा. सोललेली कवचं तेलात परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळली की रश्श्याला किंवा कोळंबी भाताला भक्कम पाणी तयार होतं.

बॉइलचं पाणी साठवून पुन्हा वापरू नका. वाटीभर गाळून त्याच दिवशीच्या भातात घालता येतं, मग त्यात वेगळं मीठ नको. बाकीचं मोरीत ओता. परसातल्या झाडांना घालू नका, एवढ्या मिठाने मुळं करपतात.